वस्तुमान आणि वजन

बाजारांत आपण ‘एक किलो वजनाची साखर’ मागतों. परंतु शास्त्रदृष्ट्या किलोग्रॅम हें वजनाचें नव्हे, तर वस्तुमानाचें एकक होय. पदार्थांत जें द्रव्य असतें त्याचें माप म्हणजे वस्तुमान. त्या द्रव्यास पृथ्वी ज्या बळानें ओढते, तें त्याचें वजन. वजनाचें एकक न्यूटन. एक किलोग्रॅम साखरेचें वजन भूपृष्ठावर सुमारें ९.८ न्यूटन भरतें. चंद्रावर तें सुमारें एकषष्ठांशच भरेल, पण साखरेचा एक कणही कमी झालेला नसेल.

पृथ्वीवरही ही ओढ सर्वत्र सारखी नाहीं. ध्रुवाजवळ अचूक असलेला स्प्रिंगचा कांटा विषुववृत्तावर नेल्यास १०० किलोग्रॅम धान्यामागें सुमारें अर्धा किलोग्रॅम कमी दाखवील. म्हणून असा कांटा जेथें वापरावयाचा, तेथेंच प्रमाण मापांनीं पडताळून घ्यावा लागतो. दोन पारड्यांच्या तागडीस मात्र ही बाधा होत नाहीं. माल आणि माप या दोहोंवरील ओढ एकाच प्रमाणांत कमी-अधिक होत असल्यामुळें तिचा निर्णय सर्वत्र एकच राहतो.

तात्पर्य, न्याय्य मापास प्रामाणिक हात हवा, हें खरेंच; परंतु आपण नेमकें काय मोजीत आहों, याचें ज्ञानही तितकेंच हवें.