उपग्रहचित्रे, संगणकीय नकाशे व गावाचे जंगल

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांची वस्ती असलेले लहानसे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ह्या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. पुढे विदर्भातील अनेक गावांना असे हक्क मिळाले आहेत. हक्काबरोबर एक अवघड काम येते. बांबू कोठे तोडावयाचा, किती तोडावयाचा व कोणता भाग विश्रांतीस ठेवावयाचा, हे आता ग्रामसभेनेच ठरवावयाचे असते. जाणता माणूसही १८०० हेक्टर जंगल एका दिवसात नजरेखाली घालू शकत नाही. ह्या कामी उपग्रहचित्रांचा उपयोग होतो. मात्र ती वाचावी कशी, हे नीट समजून घेतले पाहिजे.

उपग्रहचित्र हे लहान लहान चौकोनांचे बनलेले असते. भारतीय वन सर्वेक्षण ही देहरादून येथील संस्था साधारणपणे दर दोन वर्षांनी देशातील वनाच्छादनाचा अहवाल काढते. त्यासाठी वापरलेल्या भारतीय उपग्रहांच्या चित्रात एक चौकोन साडेतेवीस मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे सुमारे साडेपाच गुंठ्यांचा असतो. सेंटिनेल-२ ह्या युरोपीय उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात. त्यांतील बारीक चौकोन १० मीटरांचा, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याचा भरतो. शेतकऱ्याला हे माप ओळखीचेच आहे. एका चौकोनास एकच रंग मिळतो. त्या गुंठ्यात अर्धी झाडी व अर्धी मोकळी जागा असली, तर चित्रात दोहोंची सरासरी उमटते.

हिरवे पान सूर्यप्रकाशातील अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे तांबड्या रंगापलीकडचे किरण, मोठ्या प्रमाणात परत फेकते. उपग्रह हे किरण टिपतो. ते दिसावेत म्हणून चित्रात त्यांना तांबडा रंग देण्याची पद्धत आहे. त्यामुळे दाट रान चित्रात लालभडक दिसते. प्रथम पाहणाऱ्यास तो वणवाच वाटतो!

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. उपग्रह पाने पाहतो, झाडे मोजत नाही. विदर्भातील साग, मोह, ऐन ही झाडे पानगळीची आहेत. फाल्गुन-चैत्रात सागाचे रान उघडे पडते, आणि त्या वेळचे चित्र घेतले तर उभे जंगल नाहीसे झाल्यासारखे दिसते. म्हणून पानझडी वनांसाठी पावसाळा संपल्यावरची, ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या महिन्यांतील चित्रे घेतात. एका वर्षीच्या नोव्हेंबरचे चित्र दुसऱ्या वर्षीच्या मार्चमधील चित्राशी ताडून जंगल घटले असा निष्कर्ष काढणे ही मोठी चूक होय, आणि ती वारंवार होते.

दुसरी मर्यादा व्याख्येची आहे. वन सर्वेक्षणाच्या हिशेबात एक हेक्टर वा त्याहून मोठ्या जागेवर दहा टक्के किंवा अधिक भाग झाडांच्या पर्णछत्राखाली असला, की ते वनाच्छादन धरले जाते. मग जमीन कोणाचीही असो. त्यामुळे रत्नागिरीकडील आंब्याची बागही त्यात येऊ शकते. राज्याचे आकडे काढण्यास हे ठीक आहे. गावाला मात्र त्यातून आपल्या रानात बांबू किती, हे कळणार नाही. बांबूची पुष्कळ बेटे मोठ्या झाडांच्या सावलीत असतात व वरून दिसतच नाहीत.

तेव्हा चित्रावरून जंगलाचे दाट, मध्यम व विरळ असे भाग पाडावेत आणि प्रत्येक भागात पायी जाऊन मोजणी करावी. समजा, बांबूचा म्हणून दाखविलेला भाग २०० हेक्टरांचा आहे. त्यात ठिकठिकाणी १० आरांचे तुकडे आखून बेटे मोजली व सरासरी १२ बेटे आढळली. म्हणजे हेक्टरी १२०, व एकूण २४,००० बेटे झाली. तीन वर्षांची पाळी धरल्यास दरसाल ८,००० बेटांत तोड करता येईल. आता हाच भाग नकाशात चुकून २६० हेक्टरांचा धरला गेला, तर कागदावर ३१,२०० बेटे होतात व दरसाल १०,४०० बेटांत तोड ठरते. जादा २,४०० बेटे रानात नाहीतच. ठेकेदाराशी करार मात्र त्या आकड्याचा झालेला असतो, आणि ती तूट उभ्या बेटांवर पडते. मग पाळी न आलेली बेटे उघडली जातात, कोवळ्या काठ्याही तुटतात आणि दोन-तीन वर्षांत उत्पन्न बसते. म्हणून नकाशातील हद्द कागदावर न आखता प्रत्यक्ष चालून आखावी. जाणत्या माणसांनी नाले, वाटा व दगडांचे मुनारे दाखवीत पुढे चालावे आणि तरुणांनी जीपीएस यंत्रावर बिंदू नोंदवावेत. दाट सावलीखाली यंत्राची चूक वाढते. अशा जागी थोडे थांबून दोन-तीन वेळा नोंद घ्यावी. शेजारच्या गावच्या माणसांना ह्या वेळी सोबत घेतले तर पुढचा तंटा वाचतो.

वणव्याच्या बाबतीत उपग्रहाचा उपयोग अधिक तातडीचा आहे. वन सर्वेक्षणाकडे मोबाईल क्रमांक नोंदविल्यास आगीची सूचना संदेशाने विनामूल्य मिळते. ही सूचना ज्या उपग्रह-यंत्रांवरून येते, त्यांपैकी बारीक पाहणाऱ्या यंत्राचा चौकोन ३७५ मीटरांचा आहे. त्याने दाखविलेली आग सुमारे १४ हेक्टरांत कोठेही असू शकते, हे लक्षात ठेवून शोध घ्यावा. हे उपग्रह दुपारी व मध्यरात्रीनंतर साधारण दीडच्या सुमारास वरून जातात. संध्याकाळी मोहाखालचा पाचोळा पेटवला व तो रात्री अकराला विझला, तर त्याची नोंद होण्याचा संभव थोडा. संदेश आला नाही म्हणून आग लागली नाही असे समजू नये. गावच्या राखणदाराची जागा हे यंत्र घेऊ शकत नाही.

जळालेल्या जागा मात्र पुढील काही दिवसांच्या चित्रांत काळ्या दिसतात. त्या दरवर्षी एकाच नकाशावर निरनिराळ्या रंगांनी उमटवाव्यात. चार-पाच वर्षांत आग कोणत्या वाटेने शिरते, मोह वेचण्याच्या जागांपासून की रस्त्याच्या कडेने, हे नकाशावरच दिसू लागते. जाळरेषा सगळीकडे सारख्या अंतराने काढण्यापेक्षा त्या बाजूंना रुंद काढाव्यात, आणि १५ फेब्रुवारीपूर्वी त्यांवरील पालापाचोळा झाडून काढावा. पानगळ त्यानंतरही चालू राहते, म्हणून होळीच्या सुमारास त्या पुन्हा एकदा साफ कराव्या लागतात.