शुक्लपक्षाच्या संध्याकाळी

चंद्र संध्याकाळच्या सोबतीला येतो तो महिन्यातले निम्मेच दिवस. शहरात राहणाऱ्या माणसाच्या ही साधी गोष्ट सहसा ध्यानात येत नाही, कारण विजेच्या दिव्यांनी त्याची प्रत्येक संध्याकाळ सारखीच करून टाकलेली असते. पण ज्याच्यावर एकटे राहण्याची पाळी येते, मग ती बदलीमुळे असो, आजारपणामुळे असो की तुरुंगवासामुळे असो, त्याला हा हिशेब फार लवकर समजू लागतो.

हिशेब तसा सोपा आहे. अमावास्येनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मावळत्या सूर्याच्या मागोमाग पश्चिमेला एक बारीक कोर दिसते आणि तास-दीड तासात दिसेनाशी होते. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे मागे पडत जातो; आपल्या जुन्या मापाने सांगायचे तर दोन घटकांहून किंचित अधिक. त्यामुळे शुद्ध अष्टमीला दिवेलागणीच्या वेळी तो जवळजवळ माथ्यावर असतो आणि मध्यरात्रीपर्यंत पुरतो. पौर्णिमेला सूर्य मावळत असतानाच तो पूर्वेला उगवतो. पुढचा पंधरवडा मात्र संध्याकाळ त्याच्यावाचून काढावी लागते. ज्या घरांत संकष्टीचा उपास असतो त्या घरांत हे कोणाला शिकवावे लागत नाही. वद्य चतुर्थीला चंद्रोदय किती उशिरा होतो, हे तेथील लहान मुलांच्या पोटांनाही ठाऊक असते!

बीजेच्या कोरीकडे जरा निरखून पाहिले, तर तिच्या कुशीत चंद्राचा उरलेला काळोखा भागही अंधुकसा दिसतो. तो प्रकाश सूर्याकडून सरळ आलेला नसतो. सूर्याचे किरण आधी पृथ्वीवर पडतात, तिच्या ढगांवरून व समुद्रांवरून परतून चंद्रावर जातात आणि तेथून पुन्हा आपल्या डोळ्यांत येतात. म्हणजे त्या अंधुक बिंबात आपल्याला आपल्याच पृथ्वीचे चांदणे दिसत असते. एकट्या माणसाने ही गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी.

या कोरीचा आधार एका बंदिवानाने घेतल्याची नोंद आपल्या देशाच्या अलीकडच्या इतिहासात आहे, आणि ती महाराष्ट्राच्या भूमीवरची आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत काँग्रेसचे पुढारी पकडले गेले आणि कार्यकारिणीच्या सभासदांना आगगाडीने अहमदनगरला नेऊन तेथील किल्ल्यात ठेवण्यात आले. शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. किल्ला तोच आहे, १५९५-९६ साली चांदबिबीने मोगलांविरुद्ध लढवलेला. पंडित जवाहरलाल नेहरू तेथे मार्च १९४५ पर्यंत होते. त्यांच्या नऊ कारावासांत हा कारावास सर्वांत दीर्घ ठरला. १९४४ साली तेथेच लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथाच्या पहिल्याच पानावर तत्त्वज्ञान नाही की राजकारणही नाही. तेथे चंद्र आहे. किल्ल्यात आल्यावर आपले स्वागत चंद्राच्या कोरीने केले आणि तेव्हापासून प्रत्येक नवी कोर आणखी एक महिना सरल्याची खूण सांगत आली, अशा आशयाचे ते लिहितात. त्या वर्षीचे पंचांग पाहिले तर आषाढी अमावास्या, म्हणजे आपली दिव्यांची अवस, १२ ऑगस्टला होती. तेव्हा तिघा-चौघा दिवसांत श्रावणाची कोर त्यांना दिसली असली पाहिजे.

बंदिवानाकडून सगळ्यांत आधी काय काढून घेतले जाते? आपण म्हणू, स्वातंत्र्य. ते खरेच आहे. पण त्याबरोबर त्याची तारीखही जाते. किल्ल्यातल्या पहिल्या काही आठवड्यांत त्या मंडळींना वर्तमानपत्रेदेखील मिळत नव्हती. ज्याला भेटायचे कोणी नाही आणि जायचे कोठे नाही, त्याचा सोमवार आणि गुरुवार सारखाच असतो. अशा वेळी आकाशात रोज थोडे थोडे बदलणारे, अगदी वेळेवर येणारे आणि कोणत्याही सरकारला न अडवता येणारे काही असले, तर काळाला पुन्हा आकार येतो. साडेएकोणतीस दिवसांचे हे पंचांग कोठडीच्या आतूनही वाचता येते. चंद्राने मिळणारा दिलासा केवळ त्याच्या सौंदर्याचा आहे असे कवी सांगतात, पण मला तो त्याच्या वक्तशीरपणाचाही वाटतो. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाचे हे मत आहे, हे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे!

सौंदर्याचे म्हणाल तर त्यातही डोळ्यांचा वाटा मोठा आहे. चंद्राचा पृष्ठभाग मुळात काळसर आहे. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा बारा भाग काय तो परत येतो. पौर्णिमेचे चांदणे सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखांश इतके मंद असते आणि अष्टमीचा अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या दशांशाइतकाच उजेड देतो. एवढ्या कमी प्रकाशात रंग ओळखणाऱ्या डोळ्यांतील पेशी जवळजवळ निकामी होतात आणि फक्त उजेड-अंधार जाणणाऱ्या पेशी काम करतात. म्हणून चांदण्यात जास्वंद काळी दिसते, अंगणातली धूळ रुपेरी दिसते आणि वस्तूंच्या कडा मृदू होतात. या दुसऱ्या पेशींना पूर्ण जागे व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मध्येच कोणी दिवा लावला की सगळी शिदोरी संपते व पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. चांदणे पाहणे म्हणजे अर्धा तास काही न करता बसणे होय. घाईच्या माणसाला ते लाभत नाही. एकट्या माणसाजवळ वेळ हीच एक वस्तू भरपूर असते.

संगीताचेही असेच आहे. आपल्या हिंदुस्तानी पद्धतीत रागांना वेळ नेमून दिलेली आहे आणि पंडित भातखंड्यांनी तिची संगती लावून दाखवली. दिवस आणि रात्र जेथे भेटतात तेथे संधिप्रकाश राग. त्यांत ऋषभ कोमल आणि गांधार शुद्ध. सायंकाळच्या बाजूला तीव्र मध्यम येऊन बसतो. मारवा घ्या. त्यात पंचम मुळीच नाही, आणि गवई षड्जावरही फार टेकत नाही. घर समोर दिसावे आणि आत पाऊल टाकता येऊ नये, अशी काहीशी तगमग त्या रागात आहे. मग अंधार पडतो, ऋषभ कोमलाचा शुद्ध होतो, पंचम परत येतो आणि यमन सुरू होतो. केवळ एकदोन स्वर बदलले; पण ऐकणाऱ्याला कोणीतरी ओसरीवर बसायला जागा दिल्यासारखे वाटते. रात्र आणखी चढली की केदार, ज्यात शुद्ध मध्यम ठसठशीत आहे. त्याच्या एका प्रकाराला जाणत्यांनी ‘चांदनी केदार’ असे नावच दिले आहे. ही वेळेची बांधणी निसर्गनियम नव्हे. कर्नाटक संगीतात ती एवढी काटेकोर पाळत नाहीत, आणि सकाळी यमन ऐकल्याने कोणाचे नुकसान झालेले नाही. ती पिढ्यांची सवय आहे. परंतु याच सवयीमुळे एकट्या बसलेल्या माणसाला असे जाणवते की या घटकेला हे स्वर आपल्या आधी कित्येकांनी ऐकले आहेत.

नगरच्या त्याच किल्ल्यात मौलाना अबुल कलाम आझाद होते. पत्रे धाडण्याची सोय नव्हती, तरी त्यांनी आपले स्नेही नवाब हबीबुर्रहमान खाँ शेरवानी यांना पत्रे लिहिली आणि ती जवळच ठेवली. पुढे १९४६ साली ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. एप्रिल १९४३ मध्ये मौलानांची पत्नी कलकत्त्यात वारली. ती आजारी असताना सरकारकडे काही मागणे करायचे असेल तर करावे, असे त्यांना सुचवण्यात आले होते. त्यांनी नकार दिला. त्यानंतर पाच महिन्यांनी, सप्टेंबरात लिहिलेले एक लांबलचक पत्र संगीतावर आहे. नेहरूंच्या त्या पानापेक्षा मला हे पत्र अधिक जवळचे वाटते.

त्यात मौलाना आपल्या तरुणपणाची हकीकत सांगतात. संगीतावरील ‘रागदर्पण’ हा फारसी ग्रंथ त्यांच्या हाती पाहून एका इंग्रज विद्वानाने तो त्यांना समजतो का, असे विचारले. ते मनाला लागले आणि त्यांनी सतार शिकायला घेतली. आग्र्याला असताना एप्रिलच्या रात्री ते सतार घेऊन ताजमहालात जात आणि यमुनेच्या बाजूला तोंड करून बसत. ते दिवस उतरत्या चंद्राचे होते. म्हणजे आरंभी सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे चंद्रोदयाला रात्र पुष्कळ सरावी लागे. ते वाट पाहत. चांदणे पसरू लागले की एखादी गत छेडत. पुढे सतार सुटली, तरी बोटावरचा नखीचा वण बराच काळ राहिला होता, असेही ते नमूद करतात. आणि आयुष्यातील इतर सर्व गरजांवाचून आपण आनंदात राहू शकू, संगीतावाचून नाही, अशी कबुली ते देतात. ही कबुली चोवीस तास पहाऱ्यात असलेल्या, नुकत्याच विधुर झालेल्या पंचावन्नीच्या उंबरठ्यावरील एका धर्मपंडिताची आहे. तेथे त्यांच्यापुढे ना यमुना होती, ना ताज. चंद्र तेवढा तोच होता, आणि गत मनातल्या मनात वाजवायची होती. त्याने दुःख गेले असे पत्रात कोठेही दिसत नाही. दुःखाच्या शेजारी आणखी एक गोष्ट नांदू लागली, एवढे दिसते.

आपल्यासारख्यांचा एकांतवास एवढा कठोर नसतो. नोकरीच्या आरंभी मी महाराष्ट्राबाहेर, एका वनप्रदेशात दोन वर्षे एकटा होतो. सरकारी बंगला, सात मैलांवर पहिला शेजारी, आणि आठवड्यातून निम्मे दिवस वीज नाही. सेलवर चालणारा एक रेडिओ होता. दिवसा त्यावर जवळचे एकच केंद्र लागे. पण संध्याकाळ झाली की दूरची केंद्रे एकेक करून जागी होत. याचे कारणही आकाशातच आहे. उन्हामुळे वातावरणाच्या उंच भागात विद्युत्भारित कणांचा एक खालचा थर तयार होतो व तो मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याच्या वरच्या थरावर आदळून शेकडो मैलांवर खाली येतात. यात चंद्राचा काही हात नाही. पण ज्या घटकेला पश्चिमेची कोर डोळ्यांना दिसू लागते, साधारण त्याच घटकेला दूरचे स्वर कानांपर्यंत पोचू लागतात.

१९५२ साली आकाशवाणीने संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तेव्हा देशभरातल्या अशा किती बंगल्यांत, रेल्वे स्थानकांत आणि चौक्यांत एकेक माणूस कान देऊन बसला असेल! माझ्या वेळी, पुष्कळ वर्षांनंतर, खरखरीतून वर येणारा पहिला मराठी आवाज पुण्या-मुंबईकडचा असे. तो कधी बाजारभाव सांगे, कधी नाट्यगीत लावी. मग मी दिवा मालवून खुर्ची बाहेर ओढीत असे. चतुर्थीचा चंद्र असला तर तो मावळेपर्यंत, अष्टमीचा असला तर झोप येईपर्यंत. आणि वद्यपक्ष असला तर नुसताच रेडिओ.