छत्रीचे चित्र गेले? बॉक्स बदलण्याची घाई नको

सातारा व सांगली जिल्ह्यांत टीव्ही दुरुस्ती आणि छत्री बसविण्याच्या कामावर अनेक कारागिरांची रोजी चालते. पडद्यावर ‘नो सिग्नल’ आले की गिऱ्हाईक गोंधळते आणि त्याच्या हाती नवा बॉक्स दिला जातो. दोष मात्र पुष्कळदा केबलच्या टोकाला किंवा ढिल्या बोल्टमध्ये असतो. त्यात गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि कारागिराची पतही. म्हणून तपासणी क्रमाने करावी. ज्याला खर्च नाही ते आधी पाहावे.

बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या असतात. स्ट्रेंग्थ व क्वालिटी दोन्ही शून्य असतील, तर केबल, कनेक्टर किंवा एलएनबीवर संशय घ्यावा. स्ट्रेंग्थ आहे पण क्वालिटी नाही, तर बहुधा छत्रीची दिशा चुकली आहे, आड काही आले आहे किंवा बॉक्समधील सेटिंग बदलले आहे.

कनेक्टर काढण्यापूर्वी बॉक्सचा प्लग काढावा, कारण याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट वीज जाते. तांब्याची तार काळी किंवा हिरवी पडली असेल, तर पाणी शिरले आहे. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर बसवावा व त्यावर रबर टेप गुंडाळावी. एलएनबीखाली केबलला झोळ ठेवावा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकते. महाबळेश्वर, पाटणकडे पावसाने हा दोष वारंवार होतो. सांगलीत २०१९ च्या पुरात बुडालेल्या घरांसारख्या ठिकाणी केबल पूर्ण बदलणेच बरे.

दूरदर्शनची फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून दिसते. तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. छत्री मात्र त्यापेक्षा बरीच उभी दिसते, कारण तिचा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो. वळवाच्या वाऱ्याने ती एक-दोन अंश सरकली तरी क्वालिटी उतरते. बोल्ट थोडे सैल करून छत्री अगदी हळू फिरवावी; दुसऱ्याने पट्टी पाहून सांगावे. खांब हलत असेल तर आधी तो पक्का करावा.

आंब्याची किंवा लिंबाची फांदी वाढून आड येते, हे वरून पाहता लवकर लक्षात येत नाही. त्यावर एक बिनखर्ची उपाय आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या आरंभी, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य याच उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीवर ज्याची सावली पडेल, तोच अडथळा. त्या दिवसांत काही मिनिटे चित्र जाणेही नैसर्गिक आहे.

मुसळधार पावसात चित्र जाऊन पाऊस ओसरताच परत येत असेल, तर मोठा बिघाड नाही. पावसाचे थेंब हे सिग्नल शोषतात. मात्र रिमझिमीतही चित्र जात असेल, तर छत्रीची दिशा नीट जुळलेली नाही असे समजावे.

काही चॅनेलच दिसत नसतील, तर आधी ऑटो स्कॅन करावा. फ्री डिशवरील जागांचा लिलाव होतो व चॅनेल बदलतात. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर एमपेग-४ चॅनेल येत नाहीत, तिथे मात्र नवा बॉक्स लागतोच.

एवढे पाहूनही दोष सापडला नाही, तर चालू असलेला दुसरा बॉक्स लावून पाहावा व मगच विक्रीची गोष्ट काढावी. योग्य मजुरी घेऊन थोडक्यात काम करून देणाऱ्या कारागिराकडेच गिऱ्हाईक पुन्हा येते.