औद्योगिक आपत्ती : कामगार, आराखडा आणि आपण डॉक्टर

बडोद्याच्या उत्तरेस कोयली, बाजवा, रणोली, नंदेसरी असा जो औद्योगिक पट्टा पसरला आहे, त्याच्याशी आपल्या समाजाचे नाते जवळचे आहे. गायकवाडी अमदानीत नोकरीनिमित्त येथे स्थिरावलेल्या अनेक कुटुंबांतील पुढच्या पिढ्या १९६० नंतर उभ्या राहिलेल्या खत, तेलशुद्धीकरण आणि रसायन कारखान्यांत रुजू झाल्या. आजही आपल्या परिचयातील कोणी ना कोणी तेथे पाळीवर जात असतो. म्हणूनच कारखान्यातील अपघात हा केवळ सुरक्षा अधिकाऱ्यांचा विषय न मानता आपण डॉक्टरांनी व समाजबांधवांनीही त्याचा विचार करावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

प्रारंभी एक अनुभव नमूद करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या रुग्णालयात काम करीत होतो तेथे एका रात्री एका लहान कारखान्यातील कंत्राटी कामगाराला जीपमधून आणण्यात आले. सोबतच्या सुपरवायझरने एवढेच सांगितले, ‘‘साहेब, ह्याला गॅस लागला आहे.’’ कोणता वायू असे विचारता त्याने पिंपावरचा सांकेतिक क्रमांक सांगितला. रसायनाचे नाव त्यालाही ठाऊक नव्हते. रुग्णाला थोडा खोकला होता, छाती तपासता काही आढळले नाही, क्ष-किरण चित्रही निर्दोष होते. ‘‘मला बरे वाटते, घरी जाऊ द्या,’’ असे तोच म्हणत होता. मी खोकल्याचे औषध देऊन त्याला घरी पाठविले. पहाटे तो परत आला तेव्हा त्याला श्वास घेता येत नव्हता आणि तोंडातून गुलाबी फेस येत होता. टाकीतून तपकिरी धूर निघाला होता, हे तेव्हा कोठे कळले. तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा धूर होता. दीर्घ उपचारांनंतर तो वाचला. परंतु पूर्वीचे कष्टाचे काम त्याला पुन्हा करता आले नाही.

चूक माझी होती, यात शंका नाही. परंतु पुढे चौकशीत आणखी एक गोष्ट समजली. त्या कारखान्याचा आपत्कालीन आराखडा तयार होता, तो कपाटात होता आणि त्यात आमच्या रुग्णालयाचे नाव संलग्न रुग्णालय म्हणून छापलेले होते. आम्हाला मात्र त्याची गंधवार्ताही नव्हती. ज्याच्यावर जबाबदारी टाकली आहे त्यालाच ती ठाऊक नसेल, तर तो आराखडा नव्हे, केवळ कागद होय.

वायूचा स्वभाव

क्षोभक वायूंचे वर्तन मुख्यतः त्यांच्या पाण्यातील विद्राव्यतेवर अवलंबून असते. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइड हे वायू पाण्यात चटकन विरघळतात. त्यामुळे डोळे, नाक व घसा यांची तत्काळ आग होते आणि मनुष्य आपणहून दूर पळतो. क्लोरीन मध्यम विद्राव्य असून तो वरच्या व खालच्या अशा दोन्ही श्वसनमार्गांना इजा करतो. फॉस्जीन आणि नायट्रोजन डायऑक्साइड मात्र फारसे विरघळत नाहीत. सुरुवातीस त्रास अल्प होतो, त्यामुळे कामगार तेथेच काम करीत राहतो. पुढे कित्येक तासांनी, क्वचित चोवीस तासांपर्यंत, फुप्फुसांत पाणी साचू लागते. म्हणून अशा वायूची नुसती शंका असली तरी रुग्णाला विश्रांती देऊन किमान चोवीस तास निरीक्षणाखाली ठेवावे. ‘मला बरे वाटते’ हे रुग्णाचे शब्द येथे फसवे ठरतात.

हायड्रोजन सल्फाइडची तऱ्हा निराळी. त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास सर्वांना परिचित आहे. परंतु प्रमाण दशलक्षात सुमारे शंभर भागांपर्यंत गेले की घ्राणेंद्रिय बधिर होते. वास नाहीसा झाला म्हणजे धोका टळला असे कामगार समजतो, आणि नेमका तेव्हाच धोका वाढलेला असतो. प्रमाण याच्या अनेक पटींनी वाढल्यास मनुष्य काही श्वासांतच कोसळतो.

पहिली काही मिनिटे

आपत्तीची पहिली काही मिनिटे जागेवरील माणसांच्याच हाती असतात. अग्निशामक दल आणि १०८ ची रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी तोवर जे घडायचे ते बहुतांशी घडून गेलेले असते. त्यामुळे चांगल्या आराखड्यात काही प्रश्नांची उत्तरे आधीच निश्चित असावी लागतात. सायरन कोण वाजवील? मुख्य नियंत्रक व घटनास्थळ नियंत्रक कोण, आणि रात्रपाळीला त्यांच्या जागी कोण? झडप कोण बंद करील? एकत्र जमण्याची जागा कोणती, आणि वारा त्या दिशेने वाहत असेल तर पर्यायी जागा कोणती? आत किती माणसे होती याची मोजदाद कोण करील? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण कंत्राटी कामगार, ट्रकचालक आणि सफाईसाठी आलेली माणसे पुष्कळदा हजेरीपटावर नसतात. ज्याची नोंद नाही, त्याचा शोधही घेतला जात नाही.

कामगाराने लक्षात ठेवावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. वाऱ्याची दिशा दाखविणाऱ्या कापडी मोज्याकडे पाहावे आणि वायूच्या प्रवाहाला आडवे जाऊन, मग वाऱ्याच्या वरच्या बाजूस निघावे. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने तो सखल भागात साचतो; म्हणून तळघरात किंवा खड्ड्यात आश्रय घेऊ नये. दूषित कपडे तत्काळ उतरवावेत. डोळ्यांत वा अंगावर रसायन उडाल्यास किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे, अल्कली असल्यास त्याहून अधिक वेळ. धुण्याआधी रुग्णालयाकडे धाव घेणे ही भूल होय.

सर्वांत कठीण सूचना मात्र वेगळीच आहे. सहकारी टाकीत किंवा मॅनहोलमध्ये पडला तर श्वसनयंत्राशिवाय त्याच्यामागे उतरू नये. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ साली असे नमूद केले होते की बंदिस्त जागांतील मृतांपैकी साठ टक्क्यांहून अधिक माणसे वाचवायला गेलेली होती. आपल्याकडेही एकामागून एक तिघे-चौघे उतरून दगावल्याच्या बातम्या वारंवार वाचावयास मिळतात. पोटच्या पोराला किंवा भावाला आत तडफडताना पाहून थांबणे माणुसकीला जड जाते. म्हणूनच ही गोष्ट उपदेशाने साधत नाही. दोर, तिपाई आणि श्वसनयंत्र हाताशी असावे लागते व त्यांचा सराव असावा लागतो.

भोपाळ आणि विशाखापट्टणम

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. हमीदिया रुग्णालयात हजारो माणसे लोटली, तेव्हा वायू कोणता व त्यावर उपचार कोणते, याची विश्वसनीय माहिती तेथील डॉक्टरांपाशी नव्हती. अनेक नागरिक वाऱ्याच्याच दिशेने पळाले. घरात राहून दारे-खिडक्या बंद करावीत, तोंडावर ओले कापड धरावे, एवढी साधी सूचनाही त्यांना वेळेवर मिळाली नाही.

त्यानंतर कायदे झाले. १९८६ साली पर्यावरण संरक्षण अधिनियम आला. त्याखालील १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी कारखान्याच्या आवाराचा आराखडा कारखानदाराकडे, तर आवाराबाहेरचा आराखडा जिल्हा प्रशासनाच्या यंत्रणेकडे सोपविला. पहिल्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी आणि दुसऱ्याची वर्षातून किमान एकदा व्हावी असे ठरले. तरीही ७ मे २०२० रोजी पहाटे विशाखापट्टणम येथील एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरिनची वाफ सुटली आणि बारा माणसे मृत्यू पावली. धोक्याचा सायरन वाजविण्यातच आला नव्हता, असे राज्य शासनाच्या उच्चाधिकार समितीला आढळले. कायदा होता, सायरनही होता. परंतु सराव नव्हता.

आपण काय करावे?

१९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनुसार जिल्हा पातळीवर आणि औद्योगिक पट्ट्याच्या पातळीवर संकट निवारण गट स्थापन करावयाचे असतात. स्थानिक गटात परिसरातील दोन नामवंत डॉक्टरांचा सदस्य म्हणून समावेश आहे. म्हणजे आपल्याला तेथे हक्काची जागा आहे. त्या जागेवर कोण आहे आणि बैठका होतात का, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

पट्ट्याजवळ व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक डॉक्टराने पुढील तयारी ठेवणे कठीण नाही. शेजारच्या कारखान्यांतील रसायनांची यादी व त्यांची सुरक्षा माहितीपत्रके मागवून घ्यावीत आणि ती अपघात विभागातच ठेवावीत. प्रवेशद्वाराबाहेर कपडे उतरवून स्नान घालण्याची सोय असावी. अन्यथा कपड्यांतील वाफेने परिचारिका आणि डॉक्टरही रुग्ण होतात. सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशकांसाठी ॲट्रोपीन व प्रालिडॉक्सिम, हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या भाजण्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम, सायनाइडसाठी प्रतिविष ही औषधे परिसरातील रसायनांनुसार साठ्यात असावीत व त्यांच्या मुदतीकडे लक्ष असावे. अनेक रुग्ण एकदम आल्यास लाल, पिवळ्या, हिरव्या व काळ्या चिठ्ठ्यांनी वर्गवारी कोण करील, तेही आधीच ठरलेले असावे. आणि कामगाराला आणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा, ‘‘रसायनाचे नाव काय?’’ नाव माहीत नसल्यास धुराचा रंग, वास आणि वेळ विचारावी. मी त्या रात्री रंग विचारला असता तर त्याला घरी पाठविले नसते.

समाजबांधवांनाही एक विनंती. ज्यांच्या घरचे कोणी कारखान्यात जाते त्यांनी त्याला सहज विचारावे, ‘‘तुमच्याकडे शेवटची तालीम कधी झाली? तू कुठे जमायचे?’’ उत्तर चटकन आले तर समाधान मानावे. न आले तर तो प्रश्न त्याने दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला विचारावा.

आपल्या मंडळात शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, छातीविकारतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ आहेत, तसेच कारखान्यांत वैद्यकीय अधिकारी म्हणून आयुष्य घालविलेले ज्येष्ठही आहेत. पुढील रंगीत तालमीच्या वेळी आपल्यातील दोघे-चौघे जरी तेथे उपस्थित राहिले आणि परत येऊन रुग्णालयात काय बदलावे हे सांगू शकले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.