अंगावरचे 'पित्त' आणि जठरातील जंतू

अंगावर खाजणाऱ्या गांधी उठल्या म्हणजे रत्नागिरीकडे 'पित्त उठले' असे म्हणतात व आमसुलाचे पाणी अंगास चोळतात. ह्या नावातच रोगाचे मूळ पोटात असल्याचा समज गृहीत धरलेला आहे. वस्तुतः यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाचा गांधींशी संबंध नाही. त्वचेतील मास्ट पेशींतून हिस्टामीन हे द्रव्य बाहेर पडते, त्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि गांध उठते.

हा विकार सहा आठवड्यांहून अधिक टिकल्यास त्यास जुनाट म्हणतात. अशा पुष्कळ रोग्यांत बाह्य कारण सापडत नाही. काहींत शरीराची स्वतःचीच प्रतिद्रव्ये मास्ट पेशींना उद्दीपित करतात. ही प्रतिद्रव्ये का निर्माण व्हावीत, ह्या प्रश्नापाशी जठराचा विषय पुन्हा उपस्थित होतो.

१९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन ह्यांनी जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू प्रयोगशाळेत वाढविला. जठरव्रणाशी त्याचा संबंध दाखविल्याबद्दल त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू जठरात वर्षानुवर्षे राहतो. त्याच्याविरुद्ध निर्माण झालेली प्रतिद्रव्ये साधर्म्यामुळे स्वकीय घटकांवरही उलटत असावीत, असे एक अनुमान आहे.

ह्या अनुमानास पुरावा मिळतो, तो संमिश्र. काही पाहण्यांत जंतुनाशक उपचारानंतर गांधी कमी झाल्या, तर काहींत फरक पडला नाही. शिवाय हा जंतू भारतात अतिशय सर्वत्र आढळतो. तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच देहात असणे हा केवळ योगायोगही असू शकेल. जुनाट गांधी कालांतराने आपोआपही शमतात. जंतू नष्ट न होताही काही रोग्यांस आराम पडल्याचे दिसले आहे. सहवास म्हणजे कार्यकारणभाव नव्हे.

म्हणून पोटाच्या तक्रारी असल्यास श्वासाची वा मलाची तपासणी करावी व जंतू आढळल्यास वैद्यकीय सल्ल्याने उपचार पुरा करावा. तपासणीवाचून प्रतिजैविके घेतल्यास जंतूंची प्रतिरोधशक्ती मात्र वाढते. हिस्टामीनरोधक औषधे हाच आजही पहिला उपचार होय. ओठ वा जीभ सुजून श्वास कोंडू लागल्यास आमसुलावर विसंबून न राहता तत्काळ रुग्णालय गाठावे.