अन्नाचें जाळें आणि दाण्यांचा हिशेब

सहावी-सातवींतील विद्यार्थ्याच्या शास्त्राच्या वहींत एक आकृति हटकून आढळते. भाताचें रोप, नाकतोडा, बेडूक, धामण आणि सर्पगरुड अशीं पांच नांवें एका ओळींत, व मधून बाण. परंतु हा बाण कशाचा, असें विचारलें कीं मूल बहुधा अडखळतें. बेडूक नाकतोड्यास खातो, तेव्हां बाण बेडकाकडून नाकतोड्याकडे हवा, असें त्यास वाटतें. वस्तुतः बाण खाण्याची क्रिया दाखवीत नाहीं. अन्नांतील शक्ति, जिला पाठ्यपुस्तकांत ऊर्जा म्हणतात, ती कोणाकडून कोणाकडे गेली तें तो दाखवितो. म्हणून त्याचें टोंक नेहमीं खाणाऱ्याकडे असावयाचें. एवढें पक्कें झालें म्हणजे निम्मा धडा समजलाच.

उरलेल्या निम्म्यासाठीं घरांतील जोंधळे पुरेत. एका मुलास भाताचें रोप करावें व त्याच्या ओंजळींत १,००० दाणे घालावे. सूर्यप्रकाशापासून रोपानें साठविलेली ही शक्ति. त्यानें नाकतोडा झालेल्या मुलास १०० दाणे द्यावे, नाकतोड्यानें बेडकास १०, बेडकानें धामणीस १. सर्पगरुडाचा हात पसरलेलाच राहतो! मग बाकीचे दाणे गेले कोठें? कांहीं भाग खाल्लाच जात नाहीं, कांहीं विष्ठेवाटे बाहेर पडतो. तो बुरशी, जंतु व गांडुळें यांच्या वाट्यास येतो. पुष्कळसा भाग हालचाल व श्वासोच्छ्वास यांत खर्च होऊन अखेर उष्णतेच्या रूपानें हवेंत विरतो, आणि ती उष्णता कोणत्याहि रोपास पुन्हा साठवितां येत नाहीं. मातींतील क्षार फिरून रोपाकडे येतात. शक्ति मात्र परतत नाहीं. ती सूर्याकडूनच नित्य नवी यावी लागते. म्हणूनच शिवारांत नाकतोडे असंख्य, बेडूक पुष्कळ, आणि सर्पगरुड एकादाच.

दहांत एक हें प्रमाण कांटेकोर नियम नव्हे. स्थळपरत्वें तें कमीअधिक होतें. या हिशेबाचा पाया रेमंड लिंडमन या तरुण संशोधकानें अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांतील एका लहान तळ्याच्या अभ्यासावरून घातला. त्याचा निबंध १९४२ सालीं प्रसिद्ध झाला; पण तो छापलेला पाहण्यास लिंडमन हयात नव्हता.

दाण्यांच्या खेळानें एक गैरसमज मात्र होऊं शकतो. निसर्गांत सारे एका रांगेंत उभे आहेत, असें मुलास वाटूं लागतें. तो घालविण्यास दोऱ्याचें रीळ घ्यावें. मुलांनीं गोल उभें राहावें आणि जो ज्यास खातो त्याच्याशीं त्यास दोऱ्यानें जोडावें. बेडूक केवळ नाकतोडे खात नाहीं. इतर किडे आणि लहान खेकडेहि खातो. त्यास धामण खाते, तसाच बगळाहि खातो. धामण पुन्हा उंदरांवरहि जगते. असें जाळें विणून झालें कीं बेडकास हातांतील दोरे सोडून खालीं बसावयास सांगावें. कोणाचें अन्न गेलें आणि कोणास खाणारा उरला नाहीं, तें सैल पडलेल्या दोऱ्यांवरून मुलांनींच सांगावें.

हा नुसता खेळ नव्हे. एके काळीं भारतांतून बेडकांच्या तंगड्या मोठ्या प्रमाणांत युरोप-अमेरिकेंत जात असत. बेडूक असे कमी होत गेले तर पिकांवरील कीड वाढेल, अशी चिंता व्यक्त होऊं लागली, आणि १९८७ सालीं ही निर्यात बंद करण्यांत आली. तंगड्या विकून आलेला पैसा मोजतां येत होता. बेडूक रात्रंदिवस फुकट टिपीत होता त्या किडीचा जमाखर्च मात्र कोणाच्याच वहींत नव्हता.

पावसाळ्यांत रात्रीं बेडकांचा आवाज सुरू झाला कीं घरांतल्या वडील माणसांनीं मुलास एवढेंच विचारावें, "हा आज कोणास खाईल, आणि यास कोण खाईल?" ज्या मुलानें एकदां दाणे मोजले आणि दोरा धरला, त्यास बाणाची दिशा परीक्षेसाठीं पाठ करावी लागणार नाहीं.