सांपडलेलें पिलूं आणि आपली जबाबदारी

मालवणच्या किनाऱ्यावर मांजर नाहीं असें घर विरळा. पडवीच्या कोपऱ्यांत, मांगरांतील गवताच्या गंजीवर, पालथ्या घातलेल्या होडीच्या सांवलींत मांजरी आपलीं पिलें घालते. शाळेच्या वाटेवर अशा एखाद्या जागेंतून केविलवाणें ओरडणें ऐकूं येतें आणि कोणी कनवाळू विद्यार्थी तें पिलूं उचलून घरीं आणतो. ही दया स्तुत्य खरी. परंतु दयेस ज्ञानाची जोड नसेल तर तीच पिलाच्या जिवावर बेतते. म्हणून या विषयाचा थोडा विचार करूं.

मनुष्य व मांजर यांचा स्नेह फार जुना आहे. सायप्रस बेटांत सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका थडग्यांत माणसाशेजारीं पुरलेलें मांजर आढळलें. हा शोध २००४ सालीं प्रसिद्ध झाला. मनुष्य धान्य सांठवूं लागला, धान्यासाठीं उंदीर आले व उंदरांमागोमाग मांजर आलें. आपल्याकडेहि भाताच्या कणग्या व मासे धरण्याचीं जाळीं उंदरांपासून राखण्यास मांजराचाच उपयोग झाला. तेव्हां त्याच्या पिलांचें आपण कांहीं देणें लागतों, हें उघड आहे.

आतां पहिली गोष्ट. पिलूं एकटें दिसलें म्हणजे तें पोरकेंच आहे असें समजूं नये. दक्षिणेंतील श्रीवैष्णवांच्या दोन पंथांतील भेद सांगतांना मर्कटकिशोरन्याय व मार्जारकिशोरन्याय असे दोन दृष्टान्त देतात. वानराचें पोर आईच्या पोटास स्वतः बिलगून राहतें. मांजरीचें पिलूं मात्र कांहींच करीत नाहीं, आईच त्याला मानेस तोंडानें धरून नेते. या दृष्टान्तांत एक व्यावहारिक गोष्टहि आहे. मांजरीस एका खेपेस एकच पिलूं नेतां येतें. चार पिलांची जागा बदलावयाची तर चार खेपा कराव्या लागतात, आणि तोंवर एखादें पिलूं एकटें राहतें. शिवाय तिला भक्ष्य शोधावयास जावें लागतें. म्हणून दूर उभें राहून कांहीं तास वाट पाहावी. माणसें जवळ असलीं तर ती परत येण्यास भिते. पिलूं गुबगुबीत असून शांत निजलें असेल तर आई जवळपास असावी. तें कृश, मळकें व सारखें ओरडत असेल तर बहुधा आई उरलेली नाहीं. पाऊस, रस्ता किंवा कुत्रीं यांचें भय असल्यास त्यास जवळच्याच कोरड्या व सुरक्षित जागीं ठेवावें. माणसाचा हात लागल्यानें मांजरी पिलूं टाकते, ही समजूत सहसा खरी ठरत नाहीं.

आई आलीच नाहीं तर पिलाचें वय ओळखावें. डोळे मिटलेले असतील तर तें फार तर एकदोन आठवड्यांचें. सुमारें तिसऱ्या आठवड्यांत दुधाचे दांत दिसूं लागतात आणि चौथ्या आठवड्यांत तें नीट चालूं लागतें. अगदीं लहान पिलास स्वतःच्या शरीराची ऊब राखतां येत नाहीं, व गारठलेल्या पिलास अन्न पचत नाहीं. म्हणून अगोदर ऊब द्यावी, मग अन्न. कोमट पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून त्याच्याजवळ ठेवावी. गाईचें वा म्हशीचें दूध पाजण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु त्यांतील शर्करा पुष्कळ पिलांस पचत नाहीं, अतिसार होतो आणि एवढासा जीव पाणी तुटून दगावतो. पशुवैद्याच्या सल्ल्यानें पिलांसाठीं तयार केलेलें दूध आणावें. तें पिलूं पालथें ठेवून पाजावें. उताणें धरल्यास दूध फुप्फुसांत जाण्याचें भय असतें. आई पिलास चाटून मलमूत्र करविते. तें काम आपण ओल्या कापसानें हलकेंच पुसून करावें. लहानग्या पिलास दर दोनतीन तासांनीं, रात्रींहि, पाजावें लागतें. ही सेवा एकट्या शाळकरी मुलाच्यानें होणें कठीण आहे. घरांतील वडील माणसांचें साहाय्य हवेंच.

मुलांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. मांजर चावलें किंवा त्यानें ओरबाडलें तर तें घरीं लपवूं नये. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें १५ मिनिटें धुवावी व लागलीच दवाखान्यांत जावें. पिसाळ रोग मांजरापासूनहि होतो, आणि त्याचीं लक्षणें दिसूं लागल्यावर उपाय जवळजवळ चालत नाहीं. वेळेवर घेतलेली लस मात्र तारते. १८८५ सालच्या जुलैच्या ६ तारखेस पॅरिस येथें लुई पाश्चर यांनीं कुत्रा चावलेल्या जोसेफ मेस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास अशी लस देवविली व तो वांचला. पाळलेल्या मांजरासहि ही लस टोंचून घ्यावी.

पिलूं वांचलें म्हणजे खरी जबाबदारी सुरू होते. नीट सांभाळलेलें मांजर बारा-पंधरा वर्षें, क्वचित् अधिकहि जगतें. आज इयत्ता पांचवींत असलेला मुलगा शिक्षण संपवून नोकरीस लागेल तरी तें घरांत असेल. तें मांसाहारी प्राणी आहे. नुसत्या दूधभातावर तें निरोगी राहत नाहीं. किनाऱ्यावरचीं मांजरें उरल्यासुरल्या मासळीवर जगतात. परंतु १ जून ते ३१ जुलै या काळांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हां त्यांचे हाल होतात. पाळलेल्या मांजराची तरतूद धन्यानें करावयास हवी. माणसाचीं औषधें त्यास कधींहि देऊं नयेत. तापावरची साधी पॅरासिटामॉलची गोळीहि मांजरास विष ठरते.

मांजरी चार-सहा महिन्यांची होतांच गाभण राहूं शकते आणि सुमारें नऊ आठवड्यांत विते. मग पिलें फार झालीं म्हणून तीं पोत्यांत घालून मासळीबाजारांत किंवा खाडीपलीकडे सोडून देण्याची रीत अनेक ठिकाणीं दिसते. "मासळी आहे, जगतील," असें आपण मनाचें समाधान करून घेतों. परंतु आईवेगळें पिलूं तेथें बहुधा जगत नाहीं. प्राणी उपाशी तडफडेल अशा स्थितींत त्यास वाजवी कारणावांचून टाकून देणें हा १९६० सालच्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यान्वयें अपराध आहे. आणि १९७६ सालीं संविधानांत जीं नागरिकांचीं मूलभूत कर्तव्यें घातलीं गेलीं त्यांत प्राणिमात्रांविषयीं दया हें एक आहे. यावर खरा उपाय म्हणजे पशुवैद्याकडून मांजराची निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करून घेणें. बोक्यांचीहि ती करितां येते.

पालकांस विनंति अशी कीं, मुलानें पिलूं आणलें तर एकदम रागावून तें बाहेर टाकावयास लावूं नये, आणि पाळावयाचें नसतां "राहूं दे" असेंहि म्हणूं नये. मुलास जवळ बसवून विचारावें: रात्रीं कोण उठणार? सुटींत परगांवीं गेल्यावर त्यास कोण पाहणार? औषधाचा खर्च कोठून करावयाचा? उत्तरें समाधानकारक असतील तर आनंदानें पाळावें. नसतील तर पिलूं दोन महिन्यांचें होईपर्यंत सांभाळून एखाद्या खात्रीच्या घरीं द्यावें. यांत मुलाची दया कमी होत नाहीं. घेतलेलें काम शेवटास नेण्याचें वळण मात्र त्यास लागतें.